गाळा कोणाच्या नावावर? धंद्यासाठी जागा घेताना पाहायच्या कायदेशीर बाबी

दुकान, दवाखाना, कार्यशाळा किंवा कचेरी थाटू पाहणारा माणूस जागा निवडताना वर्दळ पाहतो, भाडे पाहतो आणि डिपॉझिट किती मागतात ते विचारतो. यापलीकडचा एक प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो, तो म्हणजे धंदा ज्याच्या मालकीचा आहे त्याच्याच नावावर जागेचा हक्क आहे का. कायद्याच्या नजरेत धंदा आणि जागा या दोन स्वतंत्र मालमत्ता आहेत, त्यांचे कागद वेगळे आहेत आणि वारसही वेगळे असू शकतात. सगळे सुरळीत चालू असते तोवर हा भेद कुणाला जाणवत नाही, पण भागीदार फुटतो, घरातला कर्ता माणूस जातो, मालक गाळा विकतो किंवा मालकाच्या कर्जापायी बँक गाळ्याला कुलूप लावते, तेव्हा सगळा वाद याच एका मुद्द्यावर येऊन थांबतो. म्हणून गाळ्याची बोलणी सुरू करण्यापूर्वी आणि करारावर सही करताना काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि कोणता मजकूर आग्रहाने लिहून घ्यावा, ते येथे मांडले आहे. सर्व माहिती महाराष्ट्रातील कायद्याला धरून आहे; गोव्यात भाड्याच्या इमारतींसाठी १९६८ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यामुळे तिकडच्या वाचकांनी भाडे-नियंत्रणाविषयीचा भाग जसाच्या तसा लागू समजू नये.

आधी धंद्याचे रूप ठरवा

जागेचा करार कोणी करायचा हे धंद्याच्या रूपावर अवलंबून आहे, त्यामुळे ते आधी ठरले पाहिजे. एकट्याचा धंदा असेल तर दुकानाचे नाव काहीही असो, कायद्याने करार त्या व्यक्तीचाच असतो. दुकानाच्या पाटीवरील नावाला स्वतंत्र अस्तित्व नसते, म्हणून करारात 'अमुक ट्रेडर्स तर्फे मालक' असे लिहून त्यापुढे मालकाचे पूर्ण नाव आणि पॅन द्यावे. खासगी मर्यादित कंपनी आणि मर्यादित दायित्व भागीदारी, म्हणजे एलएलपी, या मात्र कायद्याने स्वतंत्र व्यक्ती आहेत. त्यांच्या नावे करार करता येतो आणि संचालक किंवा भागीदार बदलले तरी करार चालू राहतो. कंपनीतर्फे सही करणाऱ्याला तसा अधिकार देणारा संचालक मंडळाचा ठराव जोडणे मात्र आवश्यक आहे.

सर्वांत जास्त गुंता साध्या भागीदारी संस्थेत होतो, म्हणून तेथे थोडे थांबणे योग्य. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ प्रमाणे भागीदारी संस्था ही भागीदारांहून वेगळी व्यक्ती नाही. संस्थेची मालमत्ता कोणती, हे कलम १४ सांगते: भागीदारांनी भांडवल म्हणून आणलेली, संस्थेने धंद्याच्या ओघात मिळवलेली आणि संस्थेच्या पैशातून विकत घेतलेली मालमत्ता ही, विरुद्ध हेतू दिसत नसेल तर, संस्थेची मानली जाते. आता एक नेहमीचे उदाहरण घेऊ. दोन मित्र मिळून हार्डवेअरचे दुकान काढतात. गाळा पहिल्याच्या वडिलांचा आहे, माल भरायला पैसे दुसऱ्याने घातले आहेत आणि फर्निचर, शटर, पोटमाळा यांचा खर्च दोघांनी मिळून केला आहे. भागीदारीपत्रात गाळ्याचा उल्लेखच नाही. सात-आठ वर्षांनी दोघांचे बिनसते. दुसऱ्याला वाटते की ज्या जागेची ओळख आपण घडवली तिच्यात आपला वाटा आहे. पहिला म्हणतो की जागा घरची आहे, तू तुझा हिशेब घेऊन जा. जागा वडिलांची असल्यामुळे ती भांडवल म्हणून संस्थेत आणली गेली असे दाखवता येत नाही, आणि फर्निचरवर केलेल्या खर्चाच्या पावत्या कुणाच्या नावे आहेत हेही कुणाला आठवत नाही.

हा प्रसंग टाळायचा असेल तर भागीदारीपत्रात एक स्वतंत्र परिच्छेद जागेसाठीच लिहावा. जागा कोणाची आहे, संस्था ती कोणत्या हक्काने वापरते, भाडे ठरले असल्यास किती, ती संस्थेच्या भांडवलाचा भाग आहे की नाही, दुरुस्ती आणि सजावटीचा खर्च संस्थेच्या हिशेबात धरायचा की जागामालकाच्या, एक भागीदार निवृत्त झाल्यास जागेतला ताबा कोणाकडे राहील आणि निघणाऱ्याला नावलौकिकाच्या, म्हणजे गुडविलच्या, मोबदल्याची रक्कम कशी काढून द्यायची, हे सारे त्यात यावे. जागा वडिलांची किंवा पत्नीची असेल तर त्यांच्याशी संस्थेचा वेगळा नोंदणीकृत करार करावा; घरच्या माणसाशी कसला करार, या संकोचाची किंमत पुढे त्याच घराला मोजावी लागते. एका भागीदाराच्या मृत्यूने संस्था विसर्जित होते, असे कलम ४२ म्हणते. मात्र करारात वेगळे ठरवता येते. धंदा चालू ठेवायचा असेल तर ते स्पष्ट लिहा, आणि दोघांचीच भागीदारी असेल तर मृत भागीदाराचे वारस तिच्यात येतील का, हेही लिहा, कारण एकट्या माणसाची भागीदारी होऊ शकत नाही.

संस्थेची नोंदणी कायद्याने सक्तीची नाही, तरीही ती केलीच पाहिजे. कलम ६९ नुसार नोंदणी नसलेल्या संस्थेला करारातून निर्माण झालेल्या हक्कासाठी त्रयस्थाविरुद्ध दावा लावता येत नाही. गाळामालकाने डिपॉझिट अडवून ठेवले आणि संस्था नोंदलेलीच नसेल, तर कोर्टात पहिली हरकत हीच येईल. नोंदणी दावा दाखल करण्यापूर्वी झालेली हवी आणि दावा करणाऱ्या भागीदारांची नावे निबंधकाच्या नोंदवहीत हवीत. भागीदार बदलला की ती नोंद अद्ययावत करायची, आणि निवृत्त होणाऱ्याने तशी जाहीर सूचना द्यायची, नाहीतर संस्थेच्या पुढच्या देण्यांसाठी लोक त्यालाही धरू शकतात.

सही करणाऱ्याला सही करण्याचा हक्क आहे का

गाळा दाखवायला येणारा माणूस, चावी ज्याच्याकडे आहे तो माणूस आणि कायद्याने मालक असलेला माणूस हे एकच असतील असे गृहीत धरू नये. मालकाकडून खरेदीखत आणि त्याची सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात, या दोन्हींच्या प्रती मागाव्यात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मिळकतीच्या क्रमांकावरून दस्त शोधता येतो, तो स्वतः शोधून मालकाने दिलेल्या प्रतीशी ताडून पाहावा. शहरात मिळकत पत्रिका, गावात सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, आणि सर्वत्र मालमत्ता कराचे ताजे बिल पाहावे. एक गोष्ट लक्षात असू द्यावी की कराचे बिल किंवा वीजबिल एखाद्याच्या नावे असणे हा मालकीचा पुरावा नव्हे. गाळा विकत घेणार असाल तर वकिलाकडून किमान तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. भाड्याने घेतानाही डिपॉझिट मोठे असेल किंवा सजावटीवर बराच खर्च होणार असेल तर मर्यादित शोधाचा खर्च वाया जात नाही.

मूळ मालक हयात नसेल तर अधिक सावध राहावे. वडिलांच्या नावचा गाळा तीन भावांपैकी एकजण भाड्याने देतो आणि बाकी दोघे, शिवाय लग्न होऊन गेलेल्या बहिणी, यांचे काय, हे कुणी विचारत नाही. सोसायटीच्या भागपत्रावर ज्याचे नाव नामनिर्देशित म्हणून आहे तो त्यामुळेच मालक ठरत नाही; सोसायटी त्याच्याशी व्यवहार करत असली तरी मालकी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते. म्हणून सर्व वारसांच्या सह्या घ्याव्यात, किंवा एकाला अधिकार देणारे बाकीच्यांचे नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र पाहावे आणि त्यात भाडेकरार करण्याचा व डिपॉझिट स्वीकारण्याचा अधिकार शब्दशः लिहिला आहे का ते वाचावे. विक्रीच्या व्यवहारात नुसत्या मुखत्यारपत्रावर समाधान मानू नये. मुखत्यारपत्र, विक्रीचा करार आणि मृत्युपत्र अशा तीन कागदांच्या जुडग्याने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सुरज लँप खटल्यात स्पष्ट केले आहे.

गाळा तारण आहे का, हा प्रश्न मालकाला थेट विचारावा आणि उत्तर करारात लिहून घ्यावे. बँकेचे कर्ज असेल तर बँकेचे ना हरकत पत्र घ्यावे. तारण ठेवल्यानंतर बँकेच्या संमतीवाचून दिलेला गाळा वापरण्याचा परवाना (लीव्ह अँड लायसन्स), कर्ज थकल्यावर बँकेच्या ताब्यासमोर टिकणे फार अवघड असते, आणि सरफेसी कायद्याची, म्हणजे बँकांना तारण मालमत्तेचा ताबा घेऊन वसुली करू देणाऱ्या कायद्याची, मागणी नोटीस मिळाल्यानंतर तर मालकाला बँकेच्या लेखी संमतीशिवाय मालमत्ता भाड्याने देण्याचीच मनाई आहे. ताबा घ्यायला अधिकारी येतात तेव्हा तुमचा माल आत असतो आणि डिपॉझिट मालकाकडे अडकलेले असते.

मंजूर नकाशा हातात घेऊन गाळा पाहा

कागद पाहून झाले की पुन्हा एकदा गाळ्यावर जावे, या वेळी मंजूर नकाशाची प्रत आणि मोजपट्टी घेऊन. नकाशात ती जागा दुकान म्हणून दाखवली आहे का, हे आधी पाहावे. पुष्कळ इमारतींत तळमजल्यावरील वाहनतळाच्या जागेला भिंती घालून गाळे काढलेले असतात. सोसायटीच्या इमारतीच्या तळमजल्यावरची, खांबांमधली पार्किंगची जागा बिल्डर स्वतंत्रपणे विकू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली पांचाली सोसायटीच्या प्रकरणात सांगितले, तेव्हा अशा गाळ्याचे खरेदीखत दाखवले तरी हुरळून जाऊ नये. त्यानंतर पोटमाळा मोजावा. नकाशात पोटमाळा नसेल आणि गाळ्यात लोखंडी जिना चढून वर माल ठेवलेला दिसत असेल, तर तो पोटमाळा उद्या पाडावा लागू शकतो, आणि भाडे ठरवताना त्याचे क्षेत्रफळ मोजण्यात काहीच अर्थ नाही. पुढचा ओटा इमारतीच्या समासात, म्हणजे तिच्याभोवती नियमाने मोकळ्या सोडायच्या जागेत, आला आहे का, मागचे दार सोसायटीच्या आवारात उघडते का, धूर बाहेर काढण्याच्या नळकांड्याला जागा आहे का, हे खाद्यपदार्थांचा धंदा करणाऱ्याने विशेष पाहावे. अनधिकृत बांधकामाची नोटीस महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली किंवा मुंबईत महापालिका अधिनियमाखाली निघते तेव्हा, बांधकाम मागच्या भाडेकरूने केले होते या उत्तराने काम भागत नाही.

इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ती वापरात आणण्याचा अधिकृत दाखला, मिळाले आहे का आणि करआकारणी बिगरनिवासी दराने होते का, हेही पाहावे. राहत्या सदनिकेत दुकान किंवा क्लास काढायचा असेल तर सोसायटीच्या परवानगीपेक्षाही नियोजन प्राधिकरणाची वापराची परवानगी महत्त्वाची असते. शॉप अ‍ॅक्टची, म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालच्या नोंदीची, पावती हातात आली म्हणजे जागा कायदेशीर झाली, हा समज फार पसरलेला आहे आणि तो पूर्णपणे चुकीचा आहे. ती नोंद आस्थापनेची आहे, बांधकामाची किंवा वापराची नाही.

विजेच्या बाबतीत कंजुषी करू नये. घरगुती मीटरवर धंदा चालवणे हा वीज अधिनियम, २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर आहे. त्याची आकारणी लागू दराच्या दुपटीने होते, आणि वापर कधीपासून सुरू झाला हे ठरवता आले नाही तर तपासणीपूर्वीच्या बारा महिन्यांसाठी होते. मागच्या वापरकर्त्याची थकबाकी शिल्लक असल्यास नव्या जोडणीच्या वेळी तिची मागणी होऊ शकते, म्हणून शेवटचे भरलेले बिल पाहूनच डिपॉझिटचा पहिला हप्ता द्यावा.

लीव्ह अँड लायसन्स की भाडेपट्टा

आज महाराष्ट्रात बहुतेक गाळे लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे परवाना करारावर दिले जातात. भाडेपट्ट्याने, म्हणजे लीजने, घेणाऱ्याला जागेत हितसंबंध मिळतो. परवान्याने फक्त वापरायची मुभा मिळते. पण कागदाच्या डोक्यावर काय लिहिले आहे यावर सगळे अवलंबून नसते. दिल्लीच्या इंपिरियल हॉटेलातील दोन खोल्यांत केशकर्तनाचा धंदा करणाऱ्या व्यावसायिकाच्या खटल्यात १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पक्षांचा खरा हेतू आणि करारातला आशय पाहायचा, मथळा नाही. तरीही परवानाधारकाने आपल्या हक्काला भाडेकरूच्या हक्काइतके बळकट समजू नये.

येथे एक तरतूद गाळा घेणाऱ्यांना सहसा कुणी सांगत नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५९ प्रमाणे परवाना देणाऱ्याने मालमत्ता हस्तांतरित केली तर नवा मालक त्या परवान्याने आपोआप बांधील राहत नाही. तुम्ही पाच वर्षांचा करार केला, सजावटीवर सहा लाख घातले आणि दुसऱ्याच वर्षी मालकाने गाळा विकला, तर तुमचे भांडण जुन्या मालकाशी नुकसानभरपाईचे उरते. म्हणून करारात असे कलम घालून घ्यावे की मुदतीत गाळा विकायचा झाल्यास मालक हा करार मान्य करण्याच्या अटीवरच विकेल, नव्या मालकाकडून तसे लिहून घेईल आणि डिपॉझिट त्याच्याकडे वर्ग करेल; तसे न झाल्यास ठरावीक रक्कम आणि सजावटीचा उरलेला खर्च परत देईल. सजावटीवर खरोखर मोठा खर्च होणार असेल आणि मुदत लांबची असेल, तर परवान्याऐवजी नोंदणीकृत भाडेपट्टाच मागावा, मुद्रांक शुल्क जास्त लागले तरी.

अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात लागू नाही. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम ५५ सांगते की भाडेकरार असो वा परवाना करार, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती न केल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि अटींविषयी वाद झाल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, घेणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. पाचशेच्या स्टँपपेपरवर नोटरी करून दिलेला कागद या तरतुदीची पूर्तता करत नाही.

मुद्रांक शुल्काचा हिशेब सोपा आहे. साठ महिन्यांपर्यंतच्या परवाना करारावर एकूण भाडे, परत न मिळणारी रक्कम असल्यास ती, आणि परतीच्या डिपॉझिटवर दरसाल दहा टक्क्यांनी धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के शुल्क लागते. समजा भाडे दरमहा ४०,००० रुपये, मुदत ३६ महिने आणि डिपॉझिट ३,००,००० रुपये आहे. भाड्याची बेरीज १४,४०,००० रुपये, डिपॉझिटवरचे तीन वर्षांचे व्याज ९०,००० रुपये, म्हणजे एकूण १५,३०,००० रुपये आणि शुल्क ३,८२५ रुपयांच्या घरात. नोंदणी फी शहरी भागात १,००० रुपये आहे. एवढ्या रकमेसाठी करार बिननोंदणीचा ठेवणे किंवा भाडे कमी दाखवणे हे कोणत्याही हिशेबाने शहाणपणाचे नाही. कमी मुद्रांकाचा दस्त शुल्क आणि दंड भरल्याशिवाय पुराव्यात वाचलाच जात नाही.

करारातील अटी वाचताना सर्वांत आधी लॉक-इनची मुदत, म्हणजे ज्या काळात करार मध्येच सोडता येत नाही ती, पाहावी. ती दोन्ही बाजूंना सारखी आहे का? पुष्कळ छापील मसुद्यांत घेणाऱ्याला दोन वर्षे बांधलेले असते आणि मालकाला मात्र एक महिन्याच्या नोटिशीने करार संपवता येतो. लॉक-इनच्या काळात मालकाला फक्त भाडे थकल्यास किंवा लेखी नोटीस देऊनही अटभंग न सुधारल्यास करार रद्द करता यावा, एवढे लिहून घ्यावे. वापराचे कलम अरुंद नसावे. 'फक्त मोबाइल विक्रीसाठी' असे लिहिले आणि पुढे दुरुस्तीचे काउंटर टाकले तर तो अटभंग ठरू शकतो. सोसायटीची देखभाल वर्गणी, मालमत्ता कर आणि मोठ्या दुरुस्त्या कोणी करायच्या, पाटी कुठे आणि किती मापाची लावायची, हे लिहून घ्यावे. धंद्याचे रूप पुढे बदलण्याचा विचार असेल, म्हणजे एकट्याच्या धंद्याची भागीदारी किंवा कंपनी करायची असेल, तर तसा बदल हा पोटभाडे समजला जाणार नाही, असे वाक्य आताच घालून घ्यावे. नंतर मालकाची संमती मिळवताना भाडेवाढीची बोलणी होणारच.

वाद लवादाकडे नेण्याचे कलम असले तरी ताब्याच्या वादात ते फारसे उपयोगी पडेल असे समजू नये. परवाना देणारा आणि घेणारा यांच्यातील ताब्याचे आणि भाड्याचे दावे कायद्याने लघुवाद न्यायालयाच्या, आणि जेथे ते नाही तेथे ठरवून दिलेल्या दिवाणी न्यायालयाच्या कक्षेत येतात. नटराज स्टुडिओज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली असा वाद लवादाकडे पाठवण्यास नकार दिला. सक्षम प्राधिकाऱ्यापुढची जी झटपट प्रक्रिया आहे ती राहण्यासाठी दिलेल्या जागांसाठी आहे, दुकानांसाठी नाही. मालकांनीही हे ध्यानात ठेवूनच मुदत आणि मुदतीनंतरच्या वापराची भरपाई ठरवावी.

पागडीची जागा

जुन्या मुंबईत आणि इतर शहरांच्या जुन्या बाजारपेठांत अजूनही पागडीचे, म्हणजे सुरुवातीला ठोक रक्कम देऊन भाडेहक्क घेतलेले, गाळे आहेत. भाडे नाममात्र, पण हक्क बळकट. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५६ ने भाडेहक्काच्या हस्तांतरणासाठी किंवा नूतनीकरणासाठी रक्कम घेण्याला मान्यता दिली आहे, त्यामुळे हा व्यवहार लपूनछपून रोखीत करण्याचे कारण उरलेले नाही. भाडेहक्क विकत घेताना मालकाची लेखी संमती, नव्या नावाची भाडेपावती आणि नोंदणीकृत करार या तिन्ही गोष्टी हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. जुन्या भाडेकरूशी बोलणी झाली आणि मालकाचा वाटा नंतर पाहू, असे ठरवणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने पोटभाडेकरू ठरण्याचा धोका पत्करतो.

पागडीच्या जागेत बाहेरचा भागीदार घेताना तर फारच जपून राहावे. भागीदारीचा कागद केवळ पोटभाडे झाकण्यासाठी केला आहे का, हे न्यायालय आत शिरून पाहते. मूळ भाडेकरू रोज दुकानात येतो का, बँक खात्यावर त्याची सही चालते का, नफा-तोट्यात त्याचा खरोखर वाटा आहे की दरमहा ठरावीक रक्कम मिळते, यावर निकाल फिरतो. धंद्याची कंपनी करतानाही हाच धोका आहे. जनरल रेडिओ कंपनीच्या प्रकरणात १९८६ साली, न्यायालयाच्या आदेशाने झालेल्या कंपन्यांच्या विलीनीकरणामुळे जागेचा ताबा नव्या कंपनीकडे गेला, तोही विनासंमती हस्तांतरणच ठरला. शिवाय भरणा भांडवल एक कोटी रुपये किंवा अधिक असलेल्या कंपन्यांना भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षणच नाही, तेव्हा भांडवल वाढवण्याआधी जागेचा विचार करावा.

भाडेकरू वारल्यास धंद्याच्या जागेचा हक्क, मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत तेथे धंदा करणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो, आणि तसा कुणी नसल्यास वारसाकडे. म्हणून मुलगा किंवा मुलगी दुकानात बसत असेल तर त्याची कागदोपत्री खूण असावी: भागीदारीपत्र, पगाराची नोंद, बँकेतील अधिकार, यांपैकी काहीतरी.

चालू धंदा जागेसकट घेताना

चालू दुकान घेताना माल, फर्निचर, नावलौकिक आणि जागेचा हक्क यांची किंमत एकाच ठोक आकड्यात लिहू नये. प्रत्येकाचा कर आणि मुद्रांक वेगळा आहे. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमाच्या कलम ८५ प्रमाणे धंदा हस्तांतरित झाला की हस्तांतरणाच्या तारखेपर्यंतच्या कराच्या थकबाकीला विकणारा आणि घेणारा दोघेही जबाबदार असतात, मग ती थकबाकी नंतर निश्चित झाली तरी. कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीच्या थकबाकीचीही अशीच अडचण असते. म्हणून विवरणपत्रे तपासावीत आणि किमतीचा काही भाग ठरावीक काळ राखून ठेवावा. विकणाऱ्याने त्याच परिसरात तोच धंदा ठरावीक काळ करू नये, अशी अट नावलौकिकाच्या विक्रीत वाजवी मर्यादेत घालता येते. आणि जागा विकणाऱ्याची नसून परवान्यावर असेल, तर गाळामालकाशी नवा करार झाल्याखेरीज तुम्ही माल आणि फर्निचर तेवढे विकत घेतलेले असते.

भाड्यावरील कराचे थोडक्यात असे. धंद्याच्या जागेच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी आहे. १० ऑक्टोबर २०२४ पासून मालक नोंदणीकृत नसेल आणि तुम्ही असाल, तर हा कर उलट आकारणीने, म्हणजे मालकाऐवजी थेट सरकारकडे, तुम्हालाच भरावा लागतो. कंपोझिशन योजनेतील, म्हणजे उलाढालीवर ठरावीक सोप्या दराने जीएसटी भरणाऱ्या, व्यापाऱ्यांना यातून १६ जानेवारी २०२५ पासून वगळले आहे. भाडे दरमहा ५०,००० रुपयांहून अधिक असेल तर भाडे देतानाच त्यातून उद्गम कर (टीडीएस) कापण्याची जबाबदारी येते, ती धंद्याच्या स्वरूपानुसार दोन किंवा दहा टक्क्यांची असते. हे दोन्ही आकडे बोलणीच्या वेळीच टेबलावर ठेवावेत, कारण 'चाळीस हजार' म्हणताना मालकाच्या मनात करासह रक्कम असते की करावेगळी, हे नंतर विचारले तर कटुता येते.

गाळा सोडताना

सोडण्याची नोटीस लेखी द्यावी, करारात सांगितलेल्या पत्त्यावर पोच पावतीसह पाठवावी आणि ईमेलही करावा. डिपॉझिट परत मिळणे आणि ताबा देणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी व्हाव्यात, असे करारात आधीच लिहिलेले असले पाहिजे; चावी आधी आणि धनादेश पुढच्या आठवड्यात, हे मान्य करू नये. ताबा देताना रिकाम्या गाळ्याची छायाचित्रे घ्यावीत, मीटरचे वाचन दोघांनी सही करून लिहावे, आणि ताबा पावतीत तारीख व डिपॉझिटची परत मिळालेली रक्कम यावी. फर्निचरपैकी काय नेता येते, हे भिंतीत किंवा फरशीत पक्के बसवलेल्या वस्तूंवरून भांडण्याऐवजी करारासोबत जोडलेल्या यादीवरून ठरावे. त्यानंतर जीएसटी नोंदणीतील, शॉप अ‍ॅक्टमधील, बँकेतील आणि अन्न परवाना असल्यास त्यातील पत्ता बदलून घ्यावा, आणि वीजजोडणी तुमच्या नावे असेल तर ती बंद किंवा वर्ग केल्याची पावती ताबा पावतीसोबतच जपून ठेवावी.